एक काना आणि थोडी मोकळी जागा

आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या गृहस्थांना सगळी इमारत मिनिटकाका म्हणते. नव्या भाडेकरूला वाटतं, ते प्रत्येक वाक्याआधी 'एक मिनिट हं' म्हणतात म्हणून हे नाव पडलं असेल. म्हणतात खरे. जिन्यात कोणी 'पळा' म्हणून ओरडलं, तरी काका दार उघडून विचारतील, "एक मिनिट हं. 'पळा' म्हणालात की 'पडा'?" पण नावाचं खरं कारण त्यांची नोकरी. देशाच्या फुटबॉल महासंघाच्या कचेरीत काका बैठकीचे मिनिट्स लिहितात, म्हणजे इतिवृत्त. कोण आले, कोण आले नाहीत, कोण काय बोलले, कोणता ठराव कसा मंजूर झाला. एकतीस वर्षं हेच काम.

एकतीस वर्षं फुटबॉलच्या घरात काढूनही काकांनी चेंडूला कधी पाय लावलेला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "चेंडूला पाय लावणारे हजारो आहेत. शब्दाला हात लावणारा मी एकटा." त्यांच्या टेबलावर चार वस्तू असतात: संगणक, शब्दकोश, पेन्सिलींचा डबा आणि पाण्याचा पेला. पेल्यावर झाकण. झाकणावर लिहिलेलं आहे: 'झाकण'.

बैठकीत काका लघुलिपीत लिहितात. ही लघुलिपी ते तरुणपणी एका संस्थेत शिकले, आणि मग घरातला स्वेटर जसा उसवत, विणत, वाढवत जातो तशी एकतीस वर्षांत इतकी बदलली, की ज्या मास्तरांनी शिकवली त्यांनाही आता ती वाचता येणार नाही. बोलण्याच्या वेगाने लिहायचं तर कार्यकारिणीच्या अकरा सभासदांची नावं कुठे लिहीत बसणार? म्हणून प्रत्येकाला एक खूण. खुणेमागे नाव नव्हे, स्वभाव. अध्यक्ष म्हणजे 'आरसा', कारण बोलताना त्यांची नजर समोरच्या करंडकांच्या कपाटाच्या काचेत असते आणि हात केसांवर. सरचिटणीस म्हणजे 'मलम', कारण हळुवार लावतात आणि नंतर झोंबतं. एक सभासद 'हो-हो', एक 'मी-पण', सदा घाम पुसणारे एक 'रुमाल', आणि ज्यांना बैठक म्हणजे दुपारची हक्काची झोप वाटते ते 'डुलकी'. जुने पंच होते, आयुष्य मैदानावर घालवलेले, ते 'शिट्टी'. या खुणा वहीतच राहायच्या. संगणकावर उतरवताना प्रत्येकाला त्याचं संपूर्ण नाव, हुद्दा आणि 'माननीय' मिळायचं.

ही लघुलिपी जगात आणखी एकाच माणसाला वाचता येत होती. काकूंना. काकूंनी बावीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर काढली. ज्या बाईने चार गल्ल्यांतल्या सगळ्या डॉक्टरांचं अक्षर वाचलं, तिला नवऱ्याच्या रेघोट्या म्हणजे छापील पुस्तक. त्यातून काका सामानाची यादीही लघुलिपीत करतात. "अहो, माणसांसारखं लिहा की," असं काकू पहिली दोन वर्षं म्हणाल्या, मग त्यांनी ती लिपीच आत्मसात केली. नवऱ्याला बदलण्यापेक्षा लिपी शिकणं सोपं, असं त्या सांगतात.

त्यांच्या स्वयंपाकघरात फळीवर एक गजराचं घड्याळ आहे. दोघांनाही पहाटे आपोआप जाग येते, त्यामुळे त्याचा गजर कोणी कधी लावलेला नाही. ते आलं कसं, तर एकदा काकांनी यादीत 'गाजर' लिहिलं आणि कान्याचा ठिपका द्यायला विसरले. त्यांच्या लघुलिपीत ठिपका म्हणजे काना. ठिपका नाही म्हणजे 'गजर'. काकूंनी लिहिल्याप्रमाणे आणलं. वर संध्याकाळी ताटात वाढून ते घड्याळ काकांसमोर ठेवलं. त्या दिवसापासून काका जेवायला विसरतील, पण ठिपका द्यायला विसरणार नाहीत.

तर असे हे काका. आता त्यांच्या हातून जे झालं ते सांगतो.

मुलींच्या राष्ट्रीय संघाचा एक व्यवस्थापक होता. अध्यक्षांचा साडू. सराव शिबिरात 'खोल्यांची तपासणी' या नावाखाली तो मुलींच्या खोलीत दार न वाजवता शिरायचा. एकदा सांगून झालं, दोनदा झालं. शेवटी संघाच्या गोलकीपर मुलीने महासंघाला रीतसर पत्र लिहिलं: हे थांबवा, आणि या माणसाला दूर करा. महासंघाने पत्राची तत्काळ दखल घेतली आणि पत्र लिहिणारीलाच दूर करायचं ठरवलं. संघाची शिस्त मोडली, दोन वर्षं बंदी, असा ठराव बैठकीपुढे आला.

बैठक दुपारी होती. अध्यक्षांनी ठराव वाचला. जुने पंच उठून म्हणाले की आधी त्या मुलीचं ऐकून घ्या. आणखी चौघांनी त्यांना दुजोरा दिला. अध्यक्षांनी कपाटाच्या काचेत पाहून केस नीट केले आणि म्हणाले, "हात वर करा." बाजूने सहा, विरोधात पाच. "झालं, मंजूर," म्हणून ते चहाकडे वळले. काकांनी दुसऱ्या दिवशी वहीवरून संगणकावर उतरवलं: 'ठराव एका मताने मंजूर.'

त्याच दुपारी सरचिटणीस हातात महासंघाची घटना घेऊन आले. घटना कोणी सहसा वाचत नाही, पण अडचण आली की वाचावी लागते. तिच्यात लिहिलेलं होतं की खेळाडूवर बंदी घालायची तर अकरापैकी निदान आठ हात वर हवेत. सहाने भागत नाही.

सरचिटणीस काकांच्या खुर्चीमागे उभे राहिले, खांद्यावर हात ठेवला. "काका, तुमच्यासारख्या जाणत्या माणसाने शुद्धलेखनाची चूक करावी?"

काका पडद्याकडे वाकले. "कुठे?"

"हे काय. 'एका मताने'. अहो, जोडशब्द आहे तो. 'एकमताने'. तो काना काढा आणि मधली जागा मिटवा."

"एक मिनिट हं, साहेब. हात तर सहाच—"

"हात मोजायचं काम अध्यक्षांचं. तुमचं काम लेखनाचं. मी फक्त लेखनाबद्दल बोलतोय."

खांद्यावरचा हात तिथेच होता. काकांनी बटण दोनदा दाबलं. पहिल्यांदा काना गेला, दुसऱ्यांदा जागा गेली. 'ठराव एकमताने मंजूर.' खाली त्यांनी सही केली, तिच्यावर सरचिटणीसांनी केली, सगळ्यात वर अध्यक्षांनी.

पुढच्या बैठकीत हे इतिवृत्त वाचून कायम करायचं होतं. पण कुठल्याही संस्थेत मागचं इतिवृत्त वाचण्याचा एक सर्वमान्य प्रकार आहे. अध्यक्ष म्हणतात, "वाचलं असं समजू या," आणि सगळे समजतात. विरोधात हात उचललेले पाचही जण समजले. जुने पंचसुद्धा. मैदानावर दोन इंच बाहेर गेलेला चेंडू ज्यांनी आयुष्यभर पकडला, त्यांच्या समोरून एक काना गेला.

काकांनी स्वतःची समजूत घातली होती. लेखनाची दुरुस्ती झाली, बाकी आपल्याला काय. अशी समजूत माणूस घालतो आणि ती आठवडाभर टिकतेही. आठव्या दिवशी ती गोलकीपर मुलगी ठरावाची प्रत न्यायला कचेरीत आली.

तिने प्रत घेतली आणि टेबलासमोर उभ्या उभ्याच वाचली. मोठे हात, बोटांना चिकटपट्ट्या. वाचून झाल्यावर म्हणाली, "काका, अकराच्या अकरा?"

काका पेल्यावरचं झाकण सरळ करू लागले.

"ते जुने पंचसाहेब पण? मी बारा वर्षांची असल्यापासून मला ओळखतात ते. मला वाटलं होतं, निदान ते तरी काही बोलतील."

"एक मिनिट हं," काका म्हणाले. मुलगी थांबली. काकांना पुढचं वाक्य सुचेना. ते मिनिट फार लांबलं, असं काका सांगतात. आयुष्यात इतकी मिनिटं लिहिली, पण एवढं लांब एकही नव्हतं.

मुलीने कागदाची चार घड्यांची घडी केली. "असू दे काका. एकट्यादुकट्याचं सोडा, पण अकरा माणसं कशी चुकतील? माझंच काहीतरी चुकलं असेल."

ती गेली. काका त्या दिवशी घरी आले ते डबा जसाच्या तसा घेऊन. काकूंनी डबा उचलला, वजनावरूनच ओळखलं.

"काय झालं?"

"काही नाही."

"काही नाहीचं वजन एवढं नसतं. सांगा."

काकांनी सांगितलं. काकू ऐकताना मोजे दुमडत होत्या. सांगून झालं तेव्हा एकच मोजा हातात राहिला होता.

"म्हणजे पाच जण तिच्या बाजूने होते," काकू म्हणाल्या.

"होते."

"आणि तुम्ही ते पुसलेत."

"मी काना पुसला. जागा—"

"अहो, त्या जागेत पाच माणसं उभी होती."

काका दुसरा मोजा शोधू लागले. शोधता शोधता म्हणाले, "आता कसं करणार? सह्या झाल्या. कायम झालं."

"जिथे कोणी विचारेल तिथे काना परत लावायचा. आणि जेवून घ्या. उपाशी माणसाच्या कबुलीवर कोणी विश्वास ठेवत नाही."

विचारणारं भेटायला चार महिने गेले. मुलीचं प्रकरण वर्तमानपत्रांत आलं, आणखी तीन खेळाडूंनी तशीच पत्रं लिहिली, आणि खेळ खात्याने एका निवृत्त न्यायाधीशबाईंना चौकशीला नेमलं. आता जुने पंच पुढे आले. त्यांनी लिहून दिलं की आपण विरोधात हात वर केला होता. बाकीच्या चौघांना विचारलं, तर चौघांनी 'आठवत नाही' असं एकमताने सांगितलं.

अध्यक्षांच्या वकिलांचं म्हणणं सुटसुटीत होतं. ठराव एकमतानेच झाला. आणि झाला नसेल, तर ती कारकुनाची टंकनातली चूक, साहेबांनी विश्वासाने सही केली. म्हणजे नाणं कसंही पडलं तरी साहेब उभे आणि काका आडवे.

साक्षीच्या दोन दिवस आधी सरचिटणीस पुन्हा काकांच्या खुर्चीमागे आले. हात पुन्हा खांद्यावर.

"काका, निवृत्तीला किती राहिले?"

"अकरा महिने."

"मग कशाला डोक्याला ताप? टंकनदोष म्हणा. टंकनदोषाला काय होतं? फार तर ताकीद. सगळं मिटेल. नाहीतर लोक विचारतील, कळत होतं तर बदललं कसं? मग ते टंकन राहत नाही, काका. मग ते बनावट इतिवृत्त होतं. आणि सही पहिली तुमची आहे."

बोलणं अगदी बरोबर होतं, हीच त्यातली पंचाईत. नोकरी जाऊ शकत होती, अकरा महिने राहिले असताना. आपण म्हणतो, माणूस सत्यासाठी उभा राहतो. राहत असेल. पण काकांशी नंतर बोललो तेव्हा माझी खात्री झाली, की त्यांना उभं केलं ते 'टंकनदोष' या शब्दाने. एकतीस वर्षांत त्यांनी एक चूक केली नव्हती, आणि जी केली ती चूक नव्हती. "पाप म्हणा," ते काकूंना म्हणाले, "पण टंकनदोष म्हणू नका."

"मग तसंच सांगा तिथे," काकू म्हणाल्या. "मी येते बरोबर. तुमची रक्तदाबाची गोळी माझ्याकडे राहू दे."

चौकशी महासंघाच्याच सभागृहात होती. तेच करंडकांचं कपाट, त्याच करकरणाऱ्या खुर्च्या. कार्यकारिणी एका बाजूला, गोलकीपर मुलगी आणि तिची वकील दुसऱ्या बाजूला, टोकाला न्यायाधीशबाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. काकू बाहेर बाकावर बसल्या, पर्स मांडीवर.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "हे इतिवृत्त तुम्ही टंकलं?"

"एक मिनिट हं, मॅडम. दोनदा टंकलं. पहिल्यांदा बरोबर टंकलं. दुसऱ्यांदा जाणूनबुजून चुकीचं टंकलं." मग त्यांनी काना, जागा आणि खांद्यावरचा हात सगळं सांगितलं. "सांगणारे सरचिटणीससाहेब होते, पण बोटं माझी होती."

सरचिटणीस छताकडे पाहू लागले. वकील उठले. "मॅडम, आपली चूक झाकायला हा माणूस काहीही सांगेल. पुरावा काय?"

काकांनी पिशवीतून वही काढली. तारखेसह, त्या बैठकीची. वकिलांनी ती उघडली, सरळ धरली, उलटी धरली. उलटी बरी दिसली बहुतेक, कारण तशीच धरून म्हणाले, "या काय मुंग्या धावल्यात? यात हे गृहस्थ आज एक वाचतील, उद्या दुसरं वाचतील."

"खरं आहे," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "हे दुसऱ्या कोणाला वाचता येतं?"

"एका व्यक्तीला, मॅडम. ती बाहेर बाकावर बसली आहे. माझी बायको."

वकील हसले. "बायको."

"त्यात हसण्यासारखं काय?" न्यायाधीशबाई म्हणाल्या. "नवऱ्याचं लिहिणं बायकोने नवऱ्याच्या सोयीने वाचलंय, असं एकही प्रकरण मी बत्तीस वर्षांत पाहिलेलं नाही. बोलवा त्यांना. आणि तुम्ही बाहेर थांबा."

मग तिथे परीक्षा झाली. काका बाहेरच्या बाकावर, शेजारी शिपाई, बोलायचं नाही. आत न्यायाधीशबाईंनी वहीतलं भलतंच एक पान उघडून काकूंपुढे ठेवलं. काकूंनी पर्समधून चष्मा काढला आणि भाजीची यादी वाचावी तशा वाचत सुटल्या: गोलपोस्टच्या जाळ्या, गवत कापायचं यंत्र, कोणाच्या तरी सत्काराची तारीख. मग त्यांना बसवून काकांना आत आणलं, तेच पान दिलं. शब्द न् शब्द जुळला. असं तीन पानांचं केलं. तिसऱ्या पानाच्या पाठीमागे काकू थांबल्या आणि म्हणाल्या, "हे बैठकीचं नाही, मॅडम. साबण, मीठ, काळा दोरा, इस्तरीची वायर." मग काकांनीही आत येऊन तेच वाचलं, तेव्हा त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे कचेरीच्या वहीवर घरची यादी करता तुम्ही?"

"नंतर," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि काकांना पुन्हा बाहेर पाठवून त्यांनी बंदीच्या ठरावाचं पान उघडलं. "हे वाचा."

"हे मी पूर्वी पाहिलेलं नाही," काकू म्हणाल्या. "लिहिलंय तसंच वाचू?"

"लिहिलंय तसंच."

काकूंनी वाचलं. "आरसा म्हणाले, हात वर करा. मलम वर. हो-हो वर. मी-पण इकडेतिकडे पाहून वर. रुमाल, रुमालासकट वर."

सभागृहात चुळबुळ झाली. "आरसा कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं. अध्यक्षांचा हात त्याच वेळी केसांवर गेलेला होता, आणि समोरच्या काचेत तो सगळ्यांना दिसला. न्यायाधीशबाईंनी कागदावर काहीतरी टिपलं. "पुढे."

काकू पुढे वाचेनात. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं. "मॅडम, हे जरा... तसंच वाचू ना?"

"वाचा."

"डुलकी यांचा हात हो-हो यांनी धरून वर केला. डुलकी जागे होऊन म्हणाले, चहा आला का."

आधी गोलकीपर मुलगी हसली. मग तिची वकील, मग मागचा शिपाई, मग तोंडावर हात घेऊन कार्यकारिणीतले अर्धे लोक. डुलकीसाहेब तेवढे हसले नाहीत, कारण शेजाऱ्याने कोपर मारेपर्यंत त्यांना काही कळलं नव्हतं. जागे होऊन त्यांनी दाराकडे पाहिलं, चहा दिसतोय का म्हणून.

"बाजूने सहा, आरसा धरून," काकूंनी वाचलं. "विरोधात पाच." आणि एक एक खूण वाचली. पहिली शिट्टी. मग उरलेल्या चार. एकेक खूण वाचली जात होती तसतसं त्या चौघांना आठवू लागलं. एकाने तर मध्येच हात वर केला. "मीच तो. होतो मी विरोधात," म्हणाला, आणि हात बराच वेळ खाली घेतला नाही. चार महिन्यांचं एकदम वसूल करत असावा.

"शेवटची ओळ," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"ठराव एका मताने मंजूर."

वकील लगेच उठले. "एकमताने. मॅडम, हेच तर आमचं म्हणणं. एवढ्याशा रेघोटीत काना कुठून दिसला यांना?"

"इथे ठिपका आहे," काकू म्हणाल्या. "ठिपका म्हणजे काना."

"ती माशी बसली असेल."

"साहेब," काकू म्हणाल्या, "आमच्या घरी फळीवर एक गजराचं घड्याळ आहे. एकदा यांनी 'गाजर' लिहिताना ठिपका दिला नाही म्हणून मी ते आणलं आणि यांच्या ताटात वाढलं. त्यानंतर आजपर्यंत यांचा एकही ठिपका चुकलेला नाही. हवं तर सगळी वही तपासा."

न्यायाधीशबाईंनी काकांना आत बोलावलं, पान पुढे केलं. काकांनी वाचलं, ठिपक्यासकट. मग बाईंनी विचारलं, "ठिपका का देता एवढा आठवणीने?"

काका काकूंकडे न बघता म्हणाले, "एकदा जेवायला घड्याळ मिळालं होतं, मॅडम."

हे सगळं काकांनी मला एकदा सांगितलं आणि काकूंनी वेगळं एकदा सांगितलं. दोन्ही सांगणी जुळली. फक्त काकांच्या सांगण्यात वहीवरच्या घरच्या यादीचा भाग नव्हता.

बाहेर पडताना जिन्यावर गोलकीपर मुलगी थांबली होती. काकांनी खिशातून एक चिठ्ठी काढून तिला दिली. लघुलिपीत नव्हे, ठसठशीत अक्षरात, पाच नावं, पूर्ण पत्त्यांसह. "ही तुझी माणसं," ते म्हणाले. "मी पुसली होती. परत देतोय."

मुलीने चिठ्ठी दोनदा वाचली. "म्हणजे अकरा नव्हते."

"सहा. त्यातला एक झोपलेला."

"म्हणजे साडेपाच," ती म्हणाली, आणि काकूंच्या गळ्यात पडली. काकूंच्या पर्समधून गोळी खाली पडली. ती शोधण्यात पुढची पाच मिनिटं गेली आणि त्यामुळे कोणाला रडावं लागलं नाही.

निकाल महिन्याभरात आला. बंदी रद्द झाली. अध्यक्ष आणि सरचिटणीस पदावरून गेले आणि कुठल्याही खेळसंस्थेत पद घ्यायला त्यांना मनाई झाली. साडूंना शिबिराच्या फाटकातही पाऊल टाकता येणार नाही, आणि मुलींच्या तक्रारी आता पोलिसांकडे आहेत. हो-होसाहेबांनी स्वतःहून राजीनामा दिला. डुलकीसाहेबांना, त्यांच्या विनंतीवरून, बैठकीला न येता घरीच झोपण्याची परवानगी मिळाली. रिकाम्या जागांवर नवी माणसं आली, त्यांत दोन जुन्या महिला खेळाडू. आणि जुने पंच हंगामी अध्यक्ष झाले. पहिल्याच बैठकीत त्यांनी सांगितलं, "मागचं इतिवृत्त वाचलं असं समजायचं नाही. वाचायचं. मी एकदा समजलो होतो." काकांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. पाऊण तास लागला. कोणी घड्याळ पाहिलं नाही.

त्या बैठकीत शेवटचा विषय काकांचाच होता. नोकरीचं काय करायचं? मिनिट्स लिहिणारे दुसरे कोणी नसल्यामुळे तेही काकांनीच लिहायचे होते. काका पेन्सिल घेऊन बसले. रात्री झोप लागली नव्हती, गोळी घेतली होती. अकरा महिन्यांचे आता नऊ राहिले होते, आणि नऊ महिने म्हणजे काही थोडे नव्हेत.

पंचसाहेबांनी मजकूर सांगितला. "इतिवृत्त लिहिताना निष्काळजीपणा केल्याबद्दल संबंधित कर्मचाऱ्यास समज देण्यात यावी आणि त्यांना निवृत्तीपर्यंत सेवेत ठेवावं."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

"एक मिनिट हं, साहेब."

"आता काय?"

"'निष्काळजीपणा' हा शब्द बरोबर नाही. मी काळजीपूर्वक केलं होतं. 'जाणूनबुजून' लिहू का?"

पंचसाहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "लिहा. समज तीच राहील, पण शब्द तुमचा. आणि त्याखाली हेही लिहा, की इतिवृत्त न वाचता कायम केल्याबद्दल आम्हा पाच जणांनाही तीच समज."

हात वर झाले. काकांनी एकेक हात मोजला, मग चेहरे मोजले, सगळे जागे आहेत ना म्हणून. अकरा. त्यांनी वहीत लिहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम ठिपका दिला नाही: 'ठराव एकमताने मंजूर.'

घरी आले तेव्हा मी त्यांच्याकडेच चहाला बसलो होतो. काकांनी चपला काढल्या, रिकामा डबा ओट्यावर ठेवला. काकूंनी तो उचलून पाहिला. हलका होता.

"काय झालं?"

"नोकरी राहिली," काका म्हणाले आणि खुर्चीत असे सैल बसले, की खुर्चीलाही हायसं वाटलं असावं. "समज मिळाली."

काकूंनी कप पुढे केला. "मिळाली ना? एकतीस वर्षांनी का होईना."